सीताबर्डीवर इवाई

सीताबर्डीची लढाई नागपूरकर १८१७ साली हरले. आम्ही ती पांढुर्ण्यात दर रविवारी हरतो.

गजाननच्या संत्र्याच्या गोदामात टेबलावर नकाशा अंथरायचा, पुठ्ठ्याच्या पलटणी मांडायच्या आणि फासे टाकून बघायचं, इतिहास ऐकतो का. सगळी गोडी तिथंच आहे; फाशांना निकाल ठाऊक नसतो. भोसल्यांचं पायदळ माझं, त्यांचे अरब शिपाई गजाननचे, इंग्रजांचे फासे आळीपाळीनं दोघंही टाकायचो. लहान टेकडी संध्याकाळपर्यंत राखली की आम्ही जिंकलो. आजवर एकदाही राखली नव्हती. निवृत्त माणसाला याहून मोठी आशा परवडत नाही.

त्या रविवारी इंग्रज सौंसरहून आले. गजाननच्या लेकीचे, नेहाचे सासरे, नत्थूजी. लग्नानंतर इवाई, म्हणजे व्याही, पहिल्यांदाच घरी आलेला. त्याला नुसतं बसवून कसं ठेवायचं?

"तुम्ही इंग्रज व्हा," गजानन अदबीनं म्हणाला.

"मी तं कपाशीवाला माणूस."

"काही करा नाही लागत जी. फासे टाका फक्त."

नत्थूजी नारळ फोडावा तसे फासे आपटत. दुपारपर्यंत त्यांच्या निम्म्या पलटणी डब्यात गेल्या. टेकडीवर गजाननचे अरब, पायथ्याशी मी. नत्थूजींचा एकच हल्ला उरला होता.

तेवढ्यात उर्मिलावहिनी चहा घेऊन आल्या. नकाशाकडे पाहून नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "नेहाचे सासरे हरून राहिले का जी?"

गजाननचा चेहरा उतरला. त्यानं अरब उचलले आणि टेकडीखाली आणून ठेवले.

"काय करून राहिला बे?"

"घोड्याइले पाणी पाजतो, मंगेश."

"अरब पायदळ आहेत!"

"मंग तेच तहानले."

नत्थूजींनी फासे टाकले आणि रिकाम्या टेकडीवर चढले. गजाननने टाळ्या वाजवल्या. "वा इवाई! काय डाव टाकला!"

मग माझ्या कानाशी, "पोरगी देली बे त्याइच्या घरी. पोरीवाल्यानं जितावं काय?"

"मी तं नाही देली न!"

नत्थूजी मात्र हसत नव्हते. "गजाननराव, माही प्रणाली मोहगावले देली. तिच्या सासऱ्यासंग मी कॅरम खेळतो. राणी छेदाच्या तोंडावर असली तरी माहा नेम चुकते." त्यांनी चहा बाजूला सारला. "मघा हरत होतो तं लय मजा येऊन राहिली होती. कोणीतरी मले खरंखुरं हरवून राहिलं होतं."

मग माझ्याकडे वळले. "तुम्हाले पोरगी नाही वाटते?"

"एकच पोरगा."

"म्हणून लढता येते. मांडा पुन्हा."

पलटणी मांडल्या. गजाननचा हात अरबांकडे गेला, त्याआधीच मी ते माझ्याकडे ओढले.

"मंग मी कोण?"

"तू पोरीचा बाप. चहा सांग."

संध्याकाळी टेकडी पडली. नत्थूजींनी ती दोनदा मार खाऊन, तिसऱ्यांदा घेतली. मी हरलो, पण या वेळी मला कोणी हरवलं ते मला दिसत होतं.

गजानन फाटकापर्यंत माझ्यामागे आला.

"पुढच्या रविवारी येशीन न?"

"अरब कोणाचे राहतीन, ते सांग आधी."

त्यानं वळून गोदामाकडे पाहिलं. आत नत्थूजी नेहाच्या नव्या घराविषयी वहिनींना काहीतरी सांगत होते. "इवाई आले तं तुहे," गजानन म्हणाला. मी सायकल काढली.