दोन रकान्यांची वही

मेरेआना स्वयंपाकघरात शिरली तशी सलोमतने वही मिटून कोपराखाली सारली.

"चालू दे तुमचं," मेरेआना म्हणाली. पण चाललं नाही. होहेपाने चष्मा काढून खिशात घातला आणि येताना घाटात धुकं होतं का, असं लेकीला विचारलं. इंग्रजीत. दाराबाहेर उभं राहून तिने ऐकलं होतं ते माओरी होतं, आणि त्यावर उत्तर आलं होतं ते घशातून खोल येणारं उझबेक.

होहेपाला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली होती. तीस वर्षं कत्तलखान्यात उभ्याने काम केल्यामुळे कंबर गेली होती. दीड वर्षापासून एजन्सीने पाठवलेली सलोमत रोज सकाळी आठला यायची, त्याला अंघोळ घालायची, न्याहारी द्यायची. समरकंदकडची, पन्नाशीची बाई. तिचं काम चोख होतं. मेरेआनाला तेच खटकायचं.

शाळेत माओरी बोलला म्हणून मास्तरांनी वेताने होहेपाचे हात सुजवले होते. त्याने ती भाषा पोरीच्या कानावर पडू दिली नाही. नऊ वर्षांची मेरेआना शिकवा म्हणून हटून बसली तेव्हा तो म्हणाला होता, "त्याने पोट भरत नाही." पुढे ती हॅमिल्टनला एका शाळेत ग्रंथपाल झाली. माओरी तिने पुस्तकांतून गोळा केली, पण बापाच्या तोंडून एक वाक्य तिला मिळालं नाही. आणि ह्या परक्या बाईला तो रोज वाटीवाटीने वाढत होता.

तिने आणलेला पाव टेबलावर ठेवला. सलोमतने तो उचलून सुलटा केला.

"त्यांच्यात पाव पालथा ठेवत नाहीत," होहेपा म्हणाला. "आपण नाही का, टेबलावर बसणाऱ्याला उठवतो, तसं."

आईच्या स्वयंपाकघरात आता हिच्याकडून शिकायचं, हे मेरेआनाने गिळलं. वहीचं मात्र गिळवेना.

"काय लिहून घेतेस त्यांच्याकडून?"

"शब्द."

"कशाला?"

सलोमतने आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग सांगितलं, की दोन्हीकडे सारखं काय ते बघतो. तिच्यात थोरल्या बहिणीला एक शब्द, धाकटीला दुसरा; ओताच्या भाषेतही तसंच. होहेपाला ती ओता म्हणायची. 'तो' आणि 'ती' मात्र दोघांकडे एकच. "पण यांचा प्रत्येक शब्द तोंड उघडं ठेवून संपतो. आमचा आपला मालगाडीसारखा, मागे डबे जोडत जायचं."

होहेपा खो खो हसला. मेरेआनाला बऱ्याच वर्षांत त्याचं असं हसणं ऐकल्याचं आठवेना.

"बघू तरी," तिने हात पुढे केला.

"नंतर," होहेपा म्हणाला आणि वही स्वतःच्या मांडीवर ओढली.

दुपारी तिने पारे आत्याला फोन लावून वहीचं आणि त्या 'ओता'चं सांगितलं. होहेपाची ही धाकटी बहीण कुणाचं मन राखून बोलणारी नव्हती. ओता म्हणजे काय, एवढंच आत्याने विचारलं. वडील, मेरेआना म्हणाली, त्यांच्यात कुणाही म्हाताऱ्याला म्हणतात म्हणे.

"हो का? बाप म्हणाली की घर मागायला मोकळी. आज शब्द लिहून घेते, उद्या सही घेईल. डोळे उघडे ठेव, पोरी."

मेरेआना निघाली तेव्हा होहेपा काठी टेकत फाटकापर्यंत आला. ती वळणापलीकडे जाऊन थांबली आणि गाडीतूनच एजन्सीला फोन केला. सोमवारपासून दुसरं कुणीतरी पाठवा. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं. विश्वास वाटत नाही, मेरेआना म्हणाली.

सोमवारी पाठवायला एजन्सीकडे दुसरं कुणी नव्हतं. मंगळवारी दुपारी शेजाऱ्याला होहेपा न्हाणीघरात सापडला. डॉक्टर म्हणाले, सोमवारी सकाळी पडले असावेत. लगेच गेले नसावेत.

मराएच्या, म्हणजे जमातीच्या सामायिक आवारातल्या, सभागृहात, पडवीलगत, उघड्या पेटीत त्याला ठेवलं होतं. शेजारी मेरेआनाच्या आईचा फोटो होता. तीन दिवस पाहुणे येत राहतात, मृताशी समोरासमोर बोलतात, भांडतातही. मृताच्या पोराबाळांनी फक्त पेटीपाशी बसायचं. त्यांच्या वतीने इतर बोलतात. ही चाल मेरेआनाला सोयीची पडली. कारण पहिल्याच दिवशी पारे आत्याने सगळ्यांना ऐकवलं होतं, की ती बाई सोमवारी फिरकली नाही, माझ्या भावाला वाऱ्यावर सोडलं. बायकांनी माना डोलावल्या. मेरेआना चटईकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाबाहेर कुणीतरी रडू लागलं. बोलावणं आल्याशिवाय तिथून आत यायचं नसतं, आणि बोलावण्याआधी असा आवाज काढायचा नसतो. सलोमतला ते माहीत नव्हतं. त्यांच्याकडे मयताच्या दाराशीच बाई मोठ्याने त्याला हाक मारते. ती उझबेकमध्ये हाका मारत होती. ओता एवढाच शब्द कळत होता.

"आली बघ," कुणीतरी कुजबुजलं.

पारे आत्या गुडघ्यांवर हात टेकून नाखुशीनेच उठली. रडणाऱ्या माणसाला फाटकात उभं ठेवायचं नसतं. तिने पडवीतून माओरीत लांब सूर काढून बोलावलं. तिकडून उझबेकमध्ये सूर आला. आत्याने पुन्हा साद घातली. आपले मेलेलेही सोबत घेऊन ये, त्यांच्यासाठीही रडू, ती म्हणत होती. सलोमत काय म्हणत होती कुणास ठाऊक. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी एकीचा श्वास संपायच्या आत दुसरीचा सुरू होत होता.

सलोमत पेटीपाशी गुडघे टेकून बसली आणि वही मेरेआनापुढे ठेवली. मेरेआनाने उघडली. उझबेकचा रकाना भरलेला होता. होहेपाचा जागोजागी कोरा, खाडाखोड केलेला. सांडशीला शब्द नाही. उचकीला नाही. काजव्याला लिहून पुन्हा खोडलेला.

"पुष्कळ विसरले होते," सलोमत हळू आवाजात म्हणाली. "लेकीला कळायला नको म्हणायचे. माझ्यापुढे लाज नाही वाटायची. मला चूक कुठे कळणार? सगळं भरलं की तुला दाखवणार होते."

मागून पारे आत्याचा आवाज आला, सर्वांना ऐकू जाईलसा. "मग सोमवारी कुठे होतीस, बाई?"

सलोमतने मेरेआनाकडे पाहिलं. एजन्सीने तिला कारण सांगितलं असणार. मान खाली घालून तिने पेटीची कडा तेवढी धरली.

लेकीने बोलायचं नसतं. मेरेआना उठली. पुस्तकातून शिकलेल्या, बापापुढे कधीच न काढलेल्या माओरीत, अडखळत, आत्यालाच काय, शेवटच्या रांगेलाही ऐकू येईल अशा आवाजात ती त्याच्या चेहऱ्याशी बोलली.

"पापा, ती येणार होती. मी तिला येऊ दिलं नाही."