पांढऱ्या ताटलीतले पेढे

मुलगी बघायचा कार्यक्रम तळ्याकाठी करायचा, हे नलिनीबाईंना मुळीच पटलं नव्हतं. पण मुलीचे वडील उमाशंकरराव धारहून फोनवर अगदी काकुळतीला आले. "आठवडाभर ढग होते हो. आज कुठे ऊन पडलंय, आणि आजच उपग्रह वरून जाणार. स्वानंदी काही नालछ्याहून हलायची नाही. तुम्हीच तिकडे या."

मग काय! मुलाला, अभिषेकला, इस्त्रीचा शर्ट घालायला लावून, पेढ्यांचा पुडा घेऊन त्या पीथमपूरहून निघाल्या. तळ्यावर बघतात तर मुलगी गुडघाभर चिखलात, अंगात काळा शर्ट, हातातलं यंत्र लव्हाळ्यावर बंदुकीसारखं रोखलेलं.

"नमस्कार काकू! आत्ता वाकले तर पडेन."

अभिषेक खुदकन हसला. नलिनीबाईंनी डोळे वटारले.

"कुठलं गवत किती ऊन परत फेकतं, ते मोजतेय," उमाशंकररावांनी सांगितलं. "ते कळलं, की उपग्रहाच्या फोटोतलं गवतही ओळखता येतं."

नलिनीबाईंनी मान डोलावली. शुभकार्य होतं, तोंड गोड करायला हवं होतं. जवळच्या स्टुलावर पांढरीशुभ्र ताटली होती. त्यांनी तीत पेढे मांडले.

"काकू! ती ताटली नाहीये!"

स्वानंदी फचफचत धावत आली. "ती मापाची पाटी आहे. आधी हिच्यावरचं ऊन मोजायचं, मग गवताचं. हिला आम्ही बोटसुद्धा लावत नाही."

पेढे उचलले, तर खाली तुपाचे पिवळे गोल.

"अरे बाप रे, ये तो गया," अभिषेक पुटपुटला.

नलिनीबाईंचा चेहरा उतरला. पण स्वानंदीने पिशवीतून बारीक पॉलिश कागद काढला. "पाणी सोडत हलक्या हाताने घासा, सगळीकडे सारखं. माझे हात चिखलाचे आहेत. आणि काकू, उपग्रह येतोच आहे हं!"

नलिनीबाईंनी बांगड्या वर सारल्या. अभिषेकने बाटलीतलं पाणी ओतलं, त्यांनी घासलं. डाग गेले. स्वानंदीने ताटली उन्हात धरून पाहिली आणि "बढिया!" म्हणून पुन्हा चिखलात उतरली.

"काकू, जरा मागे. तुमच्या साडीचा गुलाबी रंग गवतावर पडतोय."

त्या मागे सरकल्या. "अजून." अजून सरकल्या, आणि पचकन दोन्ही पाय रुतले.

"आता हलू नका! दोनच मिनिटं!"

नलिनीबाई श्वास रोखून उभ्या राहिल्या. वर पाहिलं, तर नुसतं निळं आभाळ.

"गेला का गं?"

"गेला! सगळं मिळालं काकू!"

कोणाला काय मिळालं ते नीट न कळताही त्यांना भलताच आनंद झाला. स्वानंदीने एक हात धरला, अभिषेकने दुसरा, आणि ओढता ओढता तिघंही चिखलात बसली. उमाशंकरराव काठावरून नुसते "अहो, अहो" करत राहिले.

मग बांधावर बसून सगळ्यांनी पुड्यातले पेढे खाल्ले. स्वयंपाक, नोकरी, पत्रिका असं बरंच विचारायचं नलिनीबाई ठरवून आल्या होत्या. त्यातलं काही विचारायच्या आधी स्वानंदीनेच विचारलं, "काकू, पुढच्या आठवड्यात सतवासच्या तळ्यावर जायचंय. याल?"

"येईन की! काळी साडी नेसून येईन."

"आणि हे?"

अभिषेक पॅन्ट दुमडून, चिखलात हात घालून आईची चप्पल शोधत होता.

"ते त्यालाच विचार बाई," नलिनीबाई म्हणाल्या. "मी माझ्यापुरतं सांगितलं."