दहा लाख एकाचा नवस

तपासणीचे साहेब येणार म्हटल्यावर मनकर्णाबाईंनी शाळा दोनदा झाडून काढली. काढणारच बापा! नवरा वारल्यावर मोठ्या मुश्किलीनं ही हंगामी मास्तरकी मिळाली होती. आज शेरा बरा पडला तर नोकरी कायम. नाही तर आर्वीला दिराच्या घरी जन्मभर भांडी घासायची आणि वर टोमणे खायचे. त्यात जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून साहेब येत ते पुण्याकडचे, नाकावर माशी न बसू देणारे.

नाचणगावच्या पलीकडची ती शाळा लहानशी, पण बाईंनी तिथं एक कौतुक करून ठेवलं होतं. भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: १०,००,००१, मूळ संख्या. म्हणजे एक आणि ती स्वतः, याखेरीज कुणाचाच भाग जात नाही अशी. तिसापर्यंतचे सगळे पाढे लावून बाईंनी ते ठरवलं होतं आणि पोरींकडून रोज म्हणून घेतलं होतं. हेडमास्तर बंडोपंतांनी तर साहेबांच्या कानावर ते आधीच घातलं होतं. मोठी हौस!

दूर रस्त्यावर जीपची धूळ दिसली, तशा बाई केळझरच्या गणपतीला नवस बोलल्या. "आज लाज राख रे बाप्पा, एकशे एक नारळांचं तोरण बांधीन." बोलल्या आणि चपापल्या. एकशे एक! तिसापुढचा आकडा आपण कधी लावून पाहिलाच नाही. घाईघाईनं पाटीवर भागाकार मांडला. नऊ हजार नऊशे एक वेळा भाग गेला, बाकी शून्य. अगं माय! पाढे तिसाशी संपतात, आकडे थोडेच संपतात? त्या फळा पुसायला धावल्या, तोवर साहेब दारात.

"हीच ना ती संख्या? मूळ कशावरून?" साहेबांनी विचारलं.

हरिभाऊ कास्तकाराची सुधा टुणकन उठली. "तिसापर्यंत पाढे लावले साहेब. भाग जातच नाई."

"आणि तिसाच्या पुढं?"

"पुढं पाढे नाईत ना साहेब."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. बंडोपंत पोरीवरच खेकसले, "गधडे! बाईनं असं शिकवलं काय तुले?"

सुधानं बाईंकडं पाहिलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाई जी," ती म्हणाली, "म्या आपल्याच मनानं सांगितलं." आणि छडीसाठी हात पुढं केला.

गप्प राहिलं की सुटलो, एवढंच बाईंना कळत होतं. दिराचं घर डोळ्यांपुढं आलं. बंडोपंतांनी छडी उचलली.

"मारू नका तिले!" बाई ओरडल्याच. "चूक माझी हाय. म्याच तसं शिकवलं." आणि फळ्यावर त्यांनी एकशे एकाचा भागाकार करून दाखवला. अक्षर वेडंवाकडं आलं.

साहेबांनी भागाकार तपासला. "एकशे एकच कसा सुचला?"

"मले भेव वाटलं साहेब. नवस बोल्ली होती, एकशे एक नारळांचा."

पोरी फिसकन हसल्या. साहेब हसले नाहीत. "खरं बोललात, तेही लिहीन. पण कायम करता येणार नाही." एवढं बोलून ते निघून गेले.

बाई मटकन खाली बसल्या. सुधा हळूच जवळ आली. "बाई, देवानं तर लाज नाई राखली. मंग नारळ काऊन द्याचे?"

बाईंनी तिचा छडीपासून वाचलेला हात आपल्या हातात घेतला.

"द्याच लागन पोरी," त्या म्हणाल्या. "राखली त्यानं."