माझ्याच नकलेचा हेवा

मी जयमालाची वही बोलतेय. दोनशे पानी, राहात्याच्या बाजारातून आणलेली. १९९८ साली इथल्या क्लासात तीन मुलींमागे एक कॉम्प्युटर होता. म्हणून जयमाला वेबपेजचा कोड आधी माझ्यावर लिहायची आणि पाळी आली की नोटपॅडमध्ये टाइप करायची.

चूक सापडली की समासात लाल शाईनं लिहायची. ‘उघडलेला टॅग बंद कर.’ ‘आधी सेव्ह, मग रिफ्रेश.’ ‘एका वेळी एकच बदल कर, म्हणजे काय बिघडलं ते कळतं.’ एकदा तिचे फोटो क्लासात दिसले, पण इंटरनेटवर दिसेनात. दोन दिवसांनी उलगडा झाला. फाईलच्या नावात इंग्रजी अक्षर लहान काय, मोठं काय, क्लासातल्या कॉम्प्युटरला सारखंच. इंटरनेटवरच्याला मात्र फरक पडतो. ‘नावं कायम लहान अक्षरांत’ असं तिनं माझ्या अख्ख्या पानभर लिहिलं. त्या पानाचा मला कोण गर्व!

शुभांगी तिची क्लासातली मैत्रीण. ती मला मागून न्यायची आणि सगळं आपल्या वहीत उतरवायची. तिच्या वहीला खाकी कव्हर, सुबक अक्षर. माझे कोपरे दुमडलेले, अंगावर खाडाखोड. माझंच सगळं घेऊन देखणी ती! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

जयमालाचाही होत होता. नगरच्या एका ऑफिसला वेबपेज बनवणारी एकच मुलगी हवी होती. क्लासचे प्रशांत सर दोघींची वेबपेजं तिथं इंटरनेटवर टाकून दाखवणार होते. आदल्या दिवशी शुभांगीनं मला पुन्हा मागितलं. लहान अक्षरांचं ते एक पान तिनं अजून उतरवलं नव्हतं. मला देण्याआधी जयमालानं ते पुढच्या पानाला डिंकानं चिकटवून टाकलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

शुभांगीनं पेरू तोडणाऱ्या आईचा फोटो टाकला होता, फाईलच्या नावात एक अक्षर मोठं. नगरला त्या जागी रिकामा चौकोन दिसला. जयमालाची निवड झाली.

“आईला सांगून ठिवलं हुतं, तुजा फोटू समद्या जगात दिसंल म्हनून,” एसटीत शुभांगी म्हणाली आणि रडायला लागली.

घरी येताच जयमालानं मला उघडलं. चिकटलेली पानं सोडवताना ते पान अर्धं फाटलं. तशीच मला घेऊन ती शुभांगीकडे गेली.

“मला म्हाईत हुतं, शुभे. म्या लपवलं.”

शुभांगीनं खाकी वही पुढं ओढली. “वाच. मी लिवून घेते.”

जयमालानं सरांनाही सगळं सांगितलं. सरांनी ऑफिसला फोन केला, शुभांगीनं फोटोचं नाव सुधारलं, तिचं वेबपेज पुन्हा दाखवलं गेलं. ऑफिसला तेच जास्त आवडलं आणि नोकरी शुभांगीला मिळाली. जयमाला क्लासातच शिकवू लागली. पहिले काही महिने शुभांगीचं नाव निघालं की ती विषय बदलायची.

आता शुभांगी रविवारी येते. तिच्या वहीत नगरच्या कितीतरी नव्या युक्त्या असतात. जयमाला त्या माझ्यात उतरवून घेते. म्हणजे आता नक्कल मीच! हेवा अजून जात नाही हो. पण माझी चारच पानं कोरी उरलीत. तुमच्याकडे कुठल्या जुन्या वहीतली कोरी पानं असतील, तर तेवढी मला शिवून द्या. शुभांगीच्या वहीत उतरवून घ्यायचं अजून पुष्कळ आहे.