उरलेलं आम्ल

प्रशांत सरांनी डस्टर उचललं आणि रंजिताचं अर्ध्यावर आलेलं गणित पुसून टाकलं.

"पेपरात इतका टाइम मिळतो का? सोमवारपासून खालच्या बॅचला बस."

रंजिता फळ्यापाशीच उभी राहिली. पुसलेल्या जागेवर आम्लाचा आकडा अजून पुसट दिसत होता. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. तिनं बॅग उचलली आणि सावकाश, सगळ्यांच्या देखत जिना उतरली.

लालबागच्या त्या क्लासमध्ये आसपासच्या गावांतून मुलं यायची; वरच्या मजल्यावरची मेडिकलला जायची. खालच्या बॅचमधून आजवर कुणी लागलं नव्हतं. तिथं भूपेंद्र सर शिकवायचे.

"बॅक टायट्रेशनची गणितं सोडून द्या," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुम्हाला नाही जमायचं."

"का नाही जमायचं?" रंजितानं विचारलं.

भूपेंद्र सरांनी पान उलटलं. तास संपवून ते गेल्यावर बाकीची मुलंही उठायला लागली, तेव्हा रंजिता फळ्यापाशी गेली.

"बसा थोडं. सुनीता, तुमच्याकडं लग्न होतं ना? प्रत्येक पाहुण्याला दोन केळी वाढली. पाहुणे किती आले, कसं सांगशील?"

"गर्दीत कोण मोजतं?" सुनीता म्हणाली. "केळी किती आणली ते माहीत असतं. उरली किती, ते मोजायचं."

"मग?"

"आणल्यातनं उरली वजा. खपली त्याचे निम्मे पाहुणे."

"हेच आहे. नमुन्यातली चुनखडी म्हणजे पाहुणे, आम्ल म्हणजे केळी. जरुरीपेक्षा जास्त आम्ल घालायचं. उरलेलं किती, ते अल्कलीनं मोजायचं. चुनखडीच्या एका मोलला आम्लाचे दोन मोल लागतात, म्हणून खपलं त्याच्या निम्मी चुनखडी."

देडतलाईचा मोहित कधी तोंड उघडत नसे. तो म्हणाला, "निम्मं करायचं भूललो, तर नमुन्यापेक्षा चुनखडीच जास्त निघेल."

"निघेल. म्हणून भूलायचं नाही."

त्यानंतर क्लास सुटला की ती रोज थांबायची. मुलंही थांबायची. जैनाबादला घरी पोचायला उशीर व्हायचा. आई विचारायची, "दुसऱ्यांना शिकवशील, तर तू कधी शिकशील?" रंजिता ताट ओढून घ्यायची आणि जेवायला लागायची.

दोन्ही बॅचेसची एकत्र चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर प्रशांत सर खाली आले.

"रंजिता, उद्यापासून वर ये. तुझी जागा ठेवलीय."

"मोहितलाही पूर्ण मार्क आहेत, सर. सुनीताचं एकच चुकलं."

"सगळ्यांना कुठं बसवू? तू तुझं बघ ना."

"मग मी इथंच बरी आहे."

"जिद्द करू नको. वरून नंबर लागतो, इथून लागत नाही. पता आहे ना तुला?"

"पता आहे, सर."

ती वळली आणि फळ्यावर नवं गणित लिहायला लागली. अक्षर मोठं येत होतं. प्रशांत सर दारातच उभे राहिले.

सुनीतानं मागं वळून त्यांच्याकडं पाहिलं. मग आपली बॅग मांडीवर घेतली आणि त्यांना बसायला जागा होईल अशी बाकावर थोडी आत सरकली.