चमच्याने लिंपलेली भेग

भिंतीवरच्या सिमेंटच्या ठिगळात चमच्याची पाठ उमटली होती... अंगठा बरोबर बसेल एवढा खळगा, आणि त्याने नकळत तो बसवलाही. स्वयंपाकघराच्या खिडकीखालची ही भेग बायकोने लिंपली ती गेल्या वर्षी, आजारपणातच, स्टुलावर बसून, वाटीत सिमेंट कालवून — "घराला औषध पाजतेय, मध्ये बोलू नका!" मग स्वतःच हसली होती, आणि हसता हसता लागलेली ढास कितीतरी वेळ थांबली नव्हती.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. सगळे विटा रचत होते तेव्हा या गृहस्थाने फळ्यांचे साचे उभे करून त्यांत अख्ख्या काँक्रीटच्या भिंती ओतल्या. काँक्रीट उन्हात तापणार, भट्टीत राहायला जाणार का, म्हणून लोकांनी यथेच्छ टिंगल केली, आणि पुढे त्याच भट्टीत हा घरजावई होऊन आला तेव्हा उरलीसुरली त्याच्या वाट्याला आली. फळ्यांच्या रेषा अजून भिंतींवर आहेत. तिला एकेका फळीतली गाठ ठाऊक होती... घर नीट करून घ्या, एवढंच तिने जाण्याआधी मागितलं होतं.

आणि आता दुरुस्तीवाल्या बाई छोट्या हातोडीने भिंत वाजवत, पोकळ लागेल तिथे खडूने फुली मारत इथवर आल्या होत्या. तिने घरभर लावलेली सगळी ठिगळं फोडून झाली होती, हे एक सोडून. प्रत्येकाखाली तेच — वरून घट्ट बंद, आत ओल कोंडलेली, सळई गंजून फुगलेली. ज्या हातांनी जपलं त्याच हातांनी... नाही, हे तो पुरतं मनात येऊच देत नव्हता.

"हे मी वाजवतो," तो म्हणाला.

बाईंनी हातोडी दिली. त्याने हळूच ठोकलं, आत कुणी झोपलं असावं तसं. पोकळ आवाज आला.

"भरीव आहे," तो म्हणाला.

बाईंनीही ऐकलं होतं. "काका, आत ओल राहिली तर खिडकीखालची सगळीच भिंत सुटत जाईल हो," त्या हलकेच म्हणाल्या, आणि फुली न मारता खडू त्याच्यापुढे धरला.

तो खडू घेऊन उभा राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं, घर बरं झालं की ती कुठूनतरी... वेडेपणा, शुद्ध वेडेपणा! घर बरं होणारच होतं. फळीन् फळीची रेघ पुन्हा दिसणार होती, सासऱ्यांनी भिंत ओतली तेव्हासारखी, ती जन्मायच्याही आधीची. तिचा हात तेवढा त्यात कुठेच असणार नव्हता. त्याने अंगठा पुन्हा त्या खळग्यात ठेवला. सिमेंट गार होतं, आणि त्याला आज पहिल्यांदा स्वच्छ कळलं, की ती गेली आहे.