पुरं गाणं

"थांबा, थांबा!" कार्यक्रमाचं निवेदन करणाऱ्या देवानंदभाऊनं संघप्रियाच्या तोंडासमोरचा माईकच ओढला. "माजी सरपंचाइकडून पाचशे एक रुपये बक्षीस! टाळ्या वाजवा!"

गाणं तिसऱ्यांदा थांबलं. ढोलावरच्या दामिनीच्या काड्या हवेतच राहिल्या.

"सावली-गडचिरोली यष्टी बी एवढे थांबे घेत नाई," गिटारवाला निकेश पुटपुटला.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा. घरोघरी पाहुणे, रस्ताभर दुकानं, भरदुपारी स्टेजवर कार्यक्रम. बक्षीस आलं की देणाऱ्याचं नाव तिथल्या तिथं पुकारायचं, ही इथली रीत. दंडारवाले, म्हणजे इथले लोकनाट्यवाले, त्यासाठी गाण्यात जागाच सोडतात. या तिघांनी सोडली नव्हती. त्यांना वाटलं, गाणं म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचं असतं. चूक झाली, बस एवढीच.

चार मिनिटांचं गाणं. दोन वर्षं झाली, एकदाही कोणी पुरं ऐकलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सरांनी एका कडव्यावर बंद केलं. म्हणे, पोरीनं ड्रम बडवणं शोभत नाही. तेच सर घरी लग्न निघालं की संदलच्या वाजंत्रीसमोर नाचतात! गणपतीत डीजे आला, मंडळवाले यांना म्हणाले, तुम्ही खुर्च्या लावा. लावल्या. सोळा वर्षांच्या पोरांनी काय करायचं?

तरी बँड मोडला नाही. निकेश मोबाईलवर बघून गिटार शिकला. बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात तालीम चालायची. दामिनीचा ड्रमसेट म्हणजे मोडलेल्या बँडपार्टीचा ढोल, पाण्याचा निळा ड्रम, आणि झांजेच्या जागी आईची पितळी परात, मधोमध भोक पाडून टांगलेली. आईनं आठ दिवस शिव्या दिल्या. पण परात काही काढून नेली नाही.

गाणं संघप्रियानं लिहिलं होतं, दामिनीच्या आईवरच. तळ्यावरून डोक्यावर मासोळीचं टोपलं घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईवर.

ती आई, कुंताबाई, मंडईच्या तोंडाशी सुकी मासोळी विकायला बसली होती. गाणं पुन्हा सुरू होऊन कानावर पडलं तशी टोपल्यासकट उठून आली. स्टेजजवळ येऊन कमरेच्या पिशवीतून एक नोट काढली, देवानंदभाऊला दिली. त्यानं बघितली. खिशात घातली. गाणं चालूच राहिलं.

या वेळी दामिनीच थांबली.

"भाऊ, माह्या मायचं नाव नाई घेतलं?"

"दहा रुपयाचं का नाव घ्याचं बाई?" देवानंदभाऊ हसला. "वाजव, वाजव."

"मंग पाचशेवाल्यासाठी गानं काऊन थांबवलं?"

"ते मोठे मानसं हायेत. तुले समजत नाई."

समजत नाही? दामिनीला सगळं समजत होतं. ती उठली, संघप्रियाकडून माईक घेतला.

"कुंताबाई सोमाजी, यायच्याकडून दहा रुपये. हे गानं त्यायच्यावरच हाय. आता मधात कोनी येऊ नोका."

मांडवात कोणीतरी शिट्टी मारली. माजी सरपंच खुर्चीतून उठले. देवानंदभाऊनं साउंडवाल्याला हात केला.

"बंद कर रे! पोट्टी लयच शानी होऊन राह्यली."

माईक मेला. गिटार मेली. निकेशनं दामिनीकडे बघितलं, दामिनीनं ढोलावर काडी मारली. ढोलाला कुठं वायर लागते!

पहिल्यापासून.

संघप्रिया स्टेजच्या कडेला येऊन उघड्या गळ्यानं गायली. आवाज फार तर तीन रांगांपर्यंत पोचला. माजी सरपंचांमागं त्यांची माणसं निघून गेली, मग बाकीचेही पांगले. पलीकडं आकाशपाळणा सुरू झाला होता. खाली कुंताबाई, दोन म्हातारे, आणि भज्याची पुडी धरून उभी एक बाई.

वाजवता वाजवता शेवटचं कडवं दामिनीला तालमीतही कधी गाता आलं नव्हतं. आज तिचेही ओठ हलत होते. तिनं परातीवर शेवटची काडी मारली. परात घणघणत राहिली.

कुंताबाईनं टोपलं खाली ठेवलं. स्टेजवर चढली.

"झालं का पुरं?"

"झालं."

मग घरी भांडं पडून वाजत राहिलं की ठेवते तसा, तिनं परातीच्या काठावर हात ठेवला.